समक्ष खात्री केली

गेल्या दिवाळीत लेक आली होती चार दिवस. पुण्याहून सोयगाव म्हणजे अख्खा दिवस प्रवासात जातो. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला गाडी वळली की तिचा फोन येतो, "आप्पा, चहा टाकायला सांगा आईला." यंदाही आला. फराळ झाला, कापसाचे भाव झाले, कोणाकोणाच्या सुना कशा आहेत तेही झालं. पण आज लिहायचं आहे ते पाडव्याच्या रात्रीबद्दल.

लेक काय नोकरी करते, असं गावात कोणी विचारलं की मी आजवर "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत आलो. म्हणजे मासा पाण्यात आहे असं सांगण्यासारखंच ते! मी पडलो मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर. तिनं दोनतीनदा समजावून सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. वर्गात पोरं मान डोलवायची तेव्हा मला बरोबर कळायचं की यातलं काही डोक्यात गेलेलं नाही. तिलाही कळलं असणारच.

तर पाडव्याला रात्री अकराच्या सुमारास तिचा फोन वाजला. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर येते. ती लॅपटॉप घेऊन वर गेली. अर्धा तास झाला तरी खाली येईना, म्हणून मी शाल घेऊन गेलो. पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती, कानाला फोन, मांडीवर लॅपटॉप. तिकडून कोणी मोठ्या आवाजात बोलत होतं. ती शांतपणे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सर, कोणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कन्फर्म करणार नाही."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय झालं गं?"

"आप्पा, आपल्या विहिरीचं भांडण आठवतं?"

न आठवून कसं चालेल! आमची विहीर सामाईक. तीन भावांची, सातबाऱ्यावर तिघांचा हिस्सा लिहिलेला. पाळ्या ठरलेल्या. एकाची पाळी असताना दुसऱ्यानं मोटार चालू करायची नाही, हा नियम वडिलांच्या काळापासून. मोटेच्या काळात हे सोपं होतं, कारण विहिरीवर कोणाचे बैल आहेत ते लांबून दिसायचं. मोटारी आल्या आणि बघणं संपलं. त्यात लाईट रात्री येणार, म्हणून लोकांनी स्टार्टरला 'ऑटो' बसवले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. आपल्या पाळीत लाईट गेली की आपण घरी जाऊन झोपतो, ऑटो काढायचा राहतो. मधेच पाळी बदलते. पहाटे लाईट येते, आणि ज्याची पाळी संपलेली आहे त्याची मोटार बिनधास्त पाणी उपसू लागते. मोटारीला काय माहीत पाळी संपली ते? तिच्या हिशेबी अजून तिचीच आहे. यावरून आमच्या घरात एकदा दोन वर्षं अबोला होता.

"अगदी तेच झालंय," लेक म्हणाली.

तिच्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, पेपरात नाव येणाऱ्यांपैकी ती नाहीही. तिथे चार सर्व्हर आहेत आणि चौघांत मिळून एकच मोठं साठवणीचं कपाट, डिस्कांनी भरलेलं. त्यातल्या एकेका कप्प्याला ते लोक 'व्हॉल्यूम' म्हणतात. शास्त्रज्ञ मंडळींची वर्षानुवर्षांची मोजमापं त्यात. चारही सर्व्हर त्याच कप्प्यात वाचतात आणि त्याच कप्प्यात लिहितात. एक बंद पडला तर बाकीच्यांनी काम पुढे न्यावं, म्हणून हा सगळा खटाटोप. अशा जोडलेल्या यंत्रांना क्लस्टर म्हणायचं.

आता मला वाटत होतं, की चौघांनी एकाच ठिकाणी लिहायचं यात अवघड काय आहे? तिनं सांगितलं ते ऐकून मात्र मी सावरून बसलो. साधा कॉम्प्युटर डिस्कवर लिहितो तेव्हा ही डिस्क फक्त आपलीच आहे असं धरून चालतो. कुठली जागा मोकळी आहे, कुठे काय ठेवलं आहे, याची यादी तो स्वतःच्या मेमरीत बाळगतो. दर वेळी डिस्कवर जाऊन पाहत नाही, कारण ते वेळखाऊ. एकच डिस्क अशा दोघांना जोडली तर दोघांकडे दोन याद्या होतात. पहिल्यानं एका मोकळ्या जागी लिहिलं, दुसऱ्याच्या यादीत ती जागा अजून मोकळीच आहे, त्यानंही तिथेच लिहिलं. कोणी ओरडत नाही, कसली सूचना येत नाही. चारआठ दिवसांनी कोणी फाईल उघडतो तेव्हा आत अर्धं एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं! तोवर बिघाड किती पसरला याचा पत्ता लागत नाही.

म्हणून सामाईक साठवणीसाठी फाईल ठेवण्याची पद्धतच वेगळी लागते. जीएफएस-२, ओसीएफएस-२ अशी नावं तिनं सांगितली. त्यात लिहिण्याआधी प्रत्येकानं बाकीच्यांकडून कुलूप, म्हणजे लॉक, मागून घ्यायचं. माझी पाळी आहे ना? आहे. मग लिहितो. ही कुलपांची व्यवस्था १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डिजिटल कंपनीनं तिच्या व्हॅक्स यंत्रांच्या क्लस्टरसाठी चांगली मुरवली. शिवाय प्रत्येक यंत्र स्वतःची एक रोजनिशी त्या सामाईक डिस्कवरच ठेवतं, आता मी अमुक करतो आहे अशी. ते मधेच मेलं तर दुसरं कोणी ती रोजनिशी वाचून अर्धं राहिलेलं काम मार्गी लावतं.

मेलं तर. खरी मेख इथे आहे.

चारही यंत्रं सेकंदा-दोन सेकंदांनी एकमेकांना "आहे, आहे" म्हणत असतात, हजेरी दिल्यासारखी. त्या रात्री तिसऱ्या क्रमांकाच्या यंत्राची हजेरी बंद झाली. आता ते मेलं की नुसतं गप्प बसलं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गप्प बसलेलं असेल आणि त्याच्या हातात जुनं कुलूप असेल, तर आमच्या ऑटोवाल्या मोटारीसारखं ते केव्हाही जागं होऊन लिहू लागेल, आपलीच पाळी समजून. म्हणून उरलेल्या तिघांनी काय करायचं? बहुमत आहे, चारांत तीन, म्हणजे ग्रामसभेच्या भाषेत गणपूर्ती झालेली आहे. तरीही त्यांनी आधी त्या चौथ्याचा वीजपुरवठा तोडायचा किंवा त्याची कपाटाकडे जाणारी वाट बंद करायची, आणि मगच त्याची कुलपं मोडायची. याला फेन्सिंग म्हणतात, कुंपण घालणं. त्याचं दुसरं एक नाव आहे, स्टोनिथ. ते ज्या इंग्रजी वाक्याचं लघुरूप आहे त्याचा अर्थ 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' असा होतो. बायको हे ऐकत जिन्यात उभी होती, ती म्हणाली, "दिवाळीच्या दिवशी काय बोलता हो बापलेकी!"

कुंपण पुरं होईपर्यंत तिघंही थिजून उभे राहतात. कोणालाच काही लिहिता येत नाही, साधी फाइलींची यादी मागितली तरी पडदा तसाच. वापरणाऱ्यांना वाटतं सगळं बंद पडलं. "बंद नाही पडलेलं आप्पा, ते वाट बघतंय," लेक म्हणाली.

त्या रात्रीची गोम अशी होती. प्रत्येक सर्व्हरमध्ये एक छोटा स्वतंत्र मेंदू असतो, मुख्य यंत्र झोपलं तरी त्या मेंदूला "याची वीज बंद कर" असं लांबून सांगता येतं. कुंपण त्याच्यामार्फत घातलं जायचं. पण हजेरीची वायर आणि या छोट्या मेंदूची वायर, दोन्ही ज्या एका खोक्यातून (स्विच म्हणतात त्याला) जात होत्या, तिसऱ्या यंत्राच्या बाजूचं ते खोकंच बिघडलं होतं. म्हणजे हजेरीही नाही आणि वीजही तोडता येईना. आणि कपाटाकडे जाणारी फायबरची वायर वेगळी, ती ठणठणीत! लिहिण्याची वाट उघडी असलेलं, पण ज्याच्याशी बोलता येत नाही असं यंत्र. याहून वाईट अवस्था नाही म्हणे.

अशा वेळेसाठी एक शेवटचा उपाय ठेवलेला असतो. माणसानं स्वतः सांगायचं, की ते यंत्र बंद आहे याची मी खात्री केली आहे. क्लस्टर त्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि पुढे जातो. एका जुन्या आवृत्तीत तर अशा वेळी नुसतं 'वाय' दाबून चालत नसे. याचा चुकीचा वापर केल्यास साठवणीचं गंभीर नुकसान होईल अशी सूचना यायची आणि 'ॲब्सोल्यूटली' हा अख्खा शब्द टाइप करावा लागायचा. तो शब्द लिहिता लिहिता तरी माणूस विचार करेल, असा करणाऱ्याचा हेतू असावा. मला तो माणूस आवडला.

तिचे साहेब म्हणत होते, मशीन गेलेली आहे, दिसतंय ना, कन्फर्म कर आणि मोकळी हो, सकाळी लोकांना निकाल द्यायचे आहेत. साहेबांचंही काही खोटं नव्हतं, शंभरात नव्वद वेळा ती गेलेलीच असते.

आमच्या भागातला एक वायरमन आठवला मला. डीपीवर काम असलं की खालचे फ्यूज काढून तो स्वतःच्या खिशात घालायचा आणि मगच खांबावर चढायचा. खाली ठेवत नसे, कोणाच्या हातात देत नसे. "सर, फ्यूज खिशात असला म्हणजे मला कोणाला विचारायची गरज नाही," म्हणायचा. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "हो, बरोबर तेच. फक्त माझा खिसा इथून तीनशे किलोमीटरवर आहे."

पाडव्याच्या रात्री तिकडे होता फक्त वॉचमन. त्याला फोन लावून यंत्रांच्या खोलीत पाठवलं. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला, "म्याडम, तीन नंबरची बंदच आहे. दिवा नाही, काही नाही."

मला वाटलं, झालं, सुटली बिचारी. पण ती म्हणाली, "काका, व्हिडिओ लावा आणि मागच्या बाजूची चिठ्ठी दाखवा." अंधारात त्या फोनच्या पडद्यावर मीही डोकावलो. चिठ्ठीवर वेगळंच नाव. त्यानं वरून तिसरं यंत्र पाहिलं होतं, आणि त्या लोखंडी मांडणीत क्रमांक खालून वर मोजतात! वरून तिसरं म्हणजे केव्हाचं काढून टाकलेलं जुनं यंत्र. खालून तिसऱ्याचा हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता.

वॉचमन खोटं बोलला नव्हता, बंदच होतं ते, फक्त दुसरं.

मग तिनं त्याच्याकडून चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि वायर ओढायला सांगितली. एक ओढली तरी दिवा जाईना, कारण अशा यंत्राला विजेच्या दोन वायरी असतात. दुसरी ओढली, दिवा गेला. दोन्ही वायरी हातात धरून दाखवा म्हणाली. त्यानं दाखवल्या, दिवाळीतल्या फुलबाज्यांसारख्या. तेव्हा कुठे तिनं "खात्री केली आहे" असं कळवलं. मिनिटभरात तिघे हलले, त्या यंत्राची रोजनिशी वाचून घेतली, अडकलेली कामं सुरू झाली. सव्वा वाजला होता.

पुण्याला हे काही नवीन नाही. सी-डॅक १९८८ मध्ये तिथेच सुरू झालं, डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. एकच अवाढव्य यंत्र करण्याऐवजी पुष्कळ लहान प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून एक काम करून घ्यायचं, ही त्यातली युक्ती. तेव्हा आम्ही वर्गात पोरांना अभिमानानं सांगितलं होतं, समजलेलं काही नसताना. पुढे २०२४ च्या सप्टेंबरात परम रुद्र आले, त्यातला एक खोडदच्या दुर्बिणीच्या कामासाठी, आणि त्याच दिवशी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्क' नावाचा महासंगणक सुरू झाला. त्याची साठवण ३३ पेटाबाईट. लेकीनं माझ्या ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर हिशेब करून दाखवला, असे दहा लाखांहून जास्त लागतील. आमच्याकडे कापूस लावायचा की थांबायचं ते लोक पावसाच्या अंदाजावर ठरवतात, तो अंदाज असल्या कपाटातून येतो. तिथेही कोणी ना कोणी रात्री जागत असणार.

असो. हे सगळं सांगायला मी बसलो नव्हतो. खाली येऊन आडवा झालो तरी झोप येईना, आणि त्याला कारण वेगळं होतं.

१९८७ सालच्या जूनची गोष्ट. तालुक्यातल्याच एका शाळेत मी प्रभारी मुख्याध्यापक होतो. प्रवेशाचे दिवस. आमचे कारकून आजारी पडून गावी गेले आणि जनरल रजिस्टर त्यांच्याबरोबर गेलं. (ते नेऊ नये असा नियम होता. पण तेव्हा असं चालायचं.) इकडे पालक दारात. मी नवीन वही उघडली, शेवटचा क्रमांक एका दाखल्यावरून काढला आणि पुढचे क्रमांक द्यायला सुरुवात केली. नवं रजिस्टर उघडताना पहिल्या पानावर लिहावं लागतं, मागील रजिस्टर अमुक क्रमांकावर बंद केले आहे, समक्ष खात्री केली. लिहिलं, खाली सही ठोकली. अंथरुणाला खिळलेला माणूस काय लिहिणार आहे, असं धरून चाललो. त्यांच्या गावी सायकलवर एक चक्कर मारली असती तर तासाभराचं काम होतं.

कारकून पडल्या पडल्या लिहीत होते. त्यांच्या गावचे पालक त्यांनाच घरी भेटत होते, बिचाऱ्यांना वाटलं आपण शाळेची सोय करतो आहोत. नऊ नोंदी झाल्या. तेच नऊ क्रमांक मी इकडे दुसऱ्या नऊ पोरांना दिलेले! रजिस्टर परत आलं तेव्हा हे कळलं. मग एका संध्याकाळी कंदिलाजवळ बसून दोन्ही वह्यांतल्या नोंदी नव्या क्रमांकांनी एकत्र उतरवल्या, लाल शाईनं दुरुस्त्या केल्या, आणि "मुळाबरहुकूम" म्हणून खाली पुन्हा माझीच सही. त्या नऊ आणि नऊ अठरांत एकाच भावकीतले दोघे होते. नाव तेच, आडनाव तेच, फक्त बापाचं नाव वेगळं. दोघांच्या जन्मतारखा एकमेकांना गेल्या. वीस महिन्यांचा फरक.

दहा वर्षं कोणाला समजलं नाही. घरात जन्मतारीख पाठ कोणाला? आईला ठाऊक, आखाजीच्या आसपासचा. १९९७ मध्ये त्यातला एक लष्कराच्या भरतीला गेला. धावण्यात पहिल्या काहींत आला, छाती-उंची सगळं बसलं, आणि कागदपत्रांत वय जास्त निघालं म्हणून परत पाठवला. तो आणि त्याची आई प्राथमिक शाळेचा जुना दाखला घेऊन माझ्याकडे आले. मी दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि मला तो कंदील आठवला.

मी त्यांना सांगितलं, की शाळा सोडल्यावर जन्मतारीख बदलून मिळणं जवळजवळ अशक्य असतं. हे खरंच होतं. चूक कशी झाली ते मी सांगितलं नाही. आई म्हणाली, "नशीब, सर." मी मान डोलावली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे मी लेकीला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगितलं असेन. ती काही बोलली नाही, चहा पीत राहिली. मग विचारलं, "ते राहतात कुठे आता?"

भाऊबीज करून ती गेली. त्यानंतरच्या आठवड्यात मी गेलो त्याच्या शेतावर. पन्नाशीला टेकलेला माणूस, कापूस वेचायला बायका लावलेल्या, स्वतः गाठोडी बांधत होता. पाया पडला. बांधावर बसून मी सगळं सांगितलं, कारकून, नऊ नोंदी, कंदील, दोन सह्या. मधे एकदाही तो बोलला नाही. वेचणाऱ्या बायकांपैकी एकीनं गाठोडं कुठे टाकू म्हणून विचारलं, त्यानं हातानंच दाखवलं.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "मग माझी तारीख कोणाला गेली, सर?"

मला माहीत होतं. त्याच्याच भावकीतला तो दुसरा, त्या वीस महिन्यांनी लहान होऊन नोकरीला लागला, आणि आपल्या खऱ्या वयापेक्षा वीस महिने उशिरा निवृत्त होणार आहे. दोघांची शेतं एकमेकांना लागून आहेत. विहीरही सामाईक.

मी नाव सांगितलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. उठताना मला हात दिला आणि बायकोला हाक मारून सरांना चहा टाक म्हणाला.